थोराबाईंचं पहिलं ‘नको’

आमच्या गावात पहिलं ‘नको’ हे नको नसतं. दुसरंही नसतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस जे बोलतो ते त्याचं खरं उत्तर, आणि तेही तो अशा सुरात देतो की जणू तुमच्यावर उपकार म्हणून कॉफी पितोय.

“घ्या ना थोडी.”

“छे छे, आत्ताच घेतली.”

“अहो, अर्धा कप.”

“उगाच कशाला भांडं खराब!”

“आता ओतलीच आहे.”

“ओतलीच आहे म्हणता, मग काय...”

हा गड चढल्याशिवाय नॉर्ड लेकमध्ये कुणाच्या घशाखाली कॉफीचा थेंब उतरत नाही. पहिल्या बोलावण्याला जो ‘हो’ म्हणतो तो एक तर बाहेरगावचा असतो, नाही तर त्याला हृदयविकाराचा झटका आलेला असतो. झटक्याचीही खात्री देता येत नाही. आमचे जुने पाद्री चर्चच्या पायरीवर छाती धरून कोसळले, तेव्हा ‘अँब्युलन्स बोलावू का?’ या प्रश्नाला ‘तुमची कामं सोडून कशाला?’ असं उत्तर त्यांनी दिलं होतं. विचारणारा गावातला होता, म्हणून ते वाचले.

मी ओरिन टॉफ्टे. मिनेसोटाच्या या थंडगार कोपऱ्यात जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकाचा आवाज, नागरिकाचा हक्क, एका माणसाने हात वर केला तर राज्य थांबतं वगैरे. मुलांनी ते परीक्षेपुरतं लिहिलं आणि मी आयुष्यभरासाठी खरं मानलं. पुढे साखरेने माझा डावा पाय गुडघ्याखाली नेला आणि मी जिल्ह्याच्या अपंगांसाठीच्या गाडीचा प्रवासी झालो. नेहमीच्या बसमध्ये चढता न येणाऱ्यांना दारातून उचलून दारात सोडणारी, मागे चाकाची खुर्ची वर घेणारा पाळणा असलेली पांढरी व्हॅन. ती मिळण्यासाठी ठरावीक वर्षांनी कचेरीत जाऊन आपण अजून अपंग आहोत हे पटवावं लागतं. “परिस्थितीत काही सुधारणा?” असं तिथल्या बाईंनी विचारलं. मी म्हणालो, “पाय अजून तरी उगवलेला नाही. वसंतात बघू.” त्यांनी गंभीरपणे लिहून घेतलं : वसंतात फेरतपासणी.

असो. गोष्ट माझ्या पायाची नाही. गोष्ट थोराबाईंची आहे.

थोराबाई ब्राट्टेन म्हणजे आमच्या शेजारीण. नवरा आर्ने याच्या माघारी दुधाचा गोठा एकटीने चालवून, गुडघे झिजवून, मग चाकाच्या खुर्चीत बसलेली थोराड बाई. मूत्रपिंडांनी काम सोडलं तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तासाभराच्या अंतरावरच्या गावी डायलिसिसला जायच्या. खुर्चीसकट त्यांना उचलायला व्हॅनचा पाळणाच लागे. आमच्या गाडीत त्या मावण्याचा प्रश्न नव्हता. वाटेत त्या आईकडून शिकलेलं धारेचं गाणं गुणगुणत :

गाई माझ्या गाई, बर्फाखाली गवत,
जरा धीर धर, सूर्य येतो चालत.

आमच्याकडे हिवाळ्यात सूर्य खरोखरच चालत येतो, लंगडत येतो, आणि जेवणाची वेळ टळायच्या आत परत जातो. त्या मानाने व्हॅन बरी होती. निदान डार्लीन होती तोवर.

डार्लीन जिल्हा कचेरीच्या तळघरात बसून गाड्या सोडायची. बर्फात व्हॅन अडकली की ती फोन करायची, “थोराबाई, गाडी अडकलीय. दुसरी पाठवू?” “नको गं, एवढ्या बर्फात कशाला त्या पोराला!” “पाठवते ना.” “माझ्या एकटीसाठी?” “थोराबाई, पाठवतेय.” “बरं, निघालीच असेल तर येऊ दे.” तीन वाक्यांत गाडी दारात. यात काही थोर असं कुणाला वाटलं नाही. आमच्याकडे विचारायची रीतच ती.

मग जिल्ह्याने खर्च वाचवायला सगळं काम एका ठेकेदार कंपनीला दिलं. व्हॅन त्याच, चालक बरेचसे तेच, पण फोन उचलणारी माणसं दूर दक्षिणेत, वाळवंटातल्या एका इमारतीत. तिथे बर्फ फक्त पेल्यात असतो. गोड आवाजाची, भली माणसं. एकदाच विचारायची.

“मॅडम, गाडीला उशीर होतोय. दुसरी पाठवू का?”

“नको नको, कशाला त्रास.”

“ठीक आहे मॅडम, रद्द करते. दिवस छान जावो!”

थोराबाई अंगात कोट, डोक्यात लोकरी टोपी, मांडीवर पर्स घेऊन दाराशी बसून राहिल्या. दुसऱ्यांदा फोन येईल म्हणून. संध्याकाळी माझी बायको लोर्ना त्यांच्याकडे डबा द्यायला गेली तेव्हाही त्या कोट घालून तशाच. पाय सुजून बुटांतून वर आलेले.

“अहो, तुम्ही नको कशाला म्हणालात?” लोर्नाने विचारलं.

“मी कुठे नको म्हणाले?” थोराबाई खरोखर चकित झाल्या. “मी नुसतं ‘नको’ म्हणाले.”

आता कुठलाही सुज्ञ माणूस इथे गप्प बसला असता. मी नागरिकशास्त्राचा मास्तर. मी फोन उचलला आणि तक्रार करायची आहे म्हणून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, तक्रार प्रवाशाने स्वतःच करायला हवी. मी थोराबाईंना म्हणालो, करा. त्या म्हणाल्या, “अरे ओरिन, त्यांचंही काही असेल.” दोनदा, तीनदा, पाचव्यांदा विचारलं. हे ‘नको’ मात्र खरं निघालं. आमच्या गावात कॉफी तिसऱ्यांदा घेतात. तक्रार किती वेळा विचारल्यावर करतात हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर कुणी केलीच नव्हती.

सल्ले मात्र भरपूर आले. पलीकडच्या घरातला ऑइवा नीमी हा फिनलंडचा वंशज, म्हणजे आमच्याहूनही कमी बोलणारा. आमच्याशी बोलायला तो कुंपणापर्यंत येतो आणि बहुतेक वेळा न बोलता परत जातो. त्याने बर्फाकडे पाहिलं आणि म्हणाला, “मरतील.” कोण, ते सांगितलं नाही. लोर्ना म्हणाली, “तू कुठल्या तरी समितीवर जा. इथे घरात तुझी भाषणं ऐकून मला कंटाळा आलाय.” आणि चर्चच्या महिला मंडळाने ठरवलं की कंपनीला सगळ्यांच्या वतीने एक स्पष्ट, खडखडीत पत्र पाठवायचं. पहिला मसुदा मी दिला. मंडळाने त्यावर चार बैठका घेतल्या. ‘संतापजनक’चं ‘काळजीचं’ झालं, ‘काळजीचं’चं ‘लक्षात आलेलं’ झालं. नुसतं पत्र कोरडं दिसतं म्हणून सोबत ओट आणि खजुराच्या वड्यांचा डबा गेला. शेवटी जे पोस्टात पडलं त्यात, आपण आमच्यासाठी किती कष्ट घेता याची आम्हाला जाणीव आहे, एवढंच उरलं होतं. आणि ‘जमल्यास’ असा एक शब्द. जमल्यास काय, ते कागदावर जागा संपल्यामुळे राहून गेलं.

तेव्हा मी समितीवर गेलो. ‘प्रवासी देखरेख समिती’ असं तिचं भारदस्त नाव. गाडी नीट चालते की नाही हे प्रवाशांनीच पाहावं म्हणून कायद्याने नेमलेली. त्यावरची अपंग प्रवाशाची खुर्ची स्थापनेपासून रिकामी होती, कारण आपलं नाव आपणच सुचवणं आमच्याकडे फार वाईट दिसतं. अध्यक्ष डेलबर्ट क्वाले माझा विद्यार्थी. हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं. त्याने मला विचारलं. मी म्हणालो, माझी काय योग्यता. त्याने परत विचारलं. मी म्हणालो, तरुणांना संधी द्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी स्वीकारलं. डेलबर्ट गावचा पोरगा, त्याला विचारायचं ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा, कारण मलाही ते पुढे विसरता आलं नाही.

पहिल्या बैठकीला मी अर्थातच व्हॅनने निघालो. सामायिक फेरी असल्यामुळे आधी तळ्याला वळसा घालून एका बाईंना दाताच्या डॉक्टरकडे, मग एका गृहस्थांना न्हाव्याकडे, मग वाळवंटातून आलेल्या हुकमानुसार मला जिल्हा सभागृहात सोडण्यात आलं. सभागृह तिथून हललं त्याला जमाना झाला. आता तिथे गुरांचा लिलाव भरतो. पण वाळवंटातल्या नकाशाला ते कोण सांगणार? नवा चालक मला उतरवून निघालाही. “अरे थांब!” म्हणत मी कुबडी उंच केली, आणि लिलाववाल्याने ती बोली समजून एक कालवड जवळजवळ माझ्या गळ्यात बांधली. मी नागरिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक, शेणात एक पाय, दुसरा लाकडी, हातात कालवडीचं दावं! बैठक संपल्यावर पोचलो.

रात्री जेवताना फोन वाजला. कंपनीच्या समाधान पाहणीचा. “सर, आजचा प्रवास कसा झाला?”

आणि ऐका. माझं तोंड, जन्मभर हक्कांवर बोललेलं माझं तोंड, मला न विचारता म्हणालं, “काही वाईट नाही.”

लोर्नाने काटा खाली ठेवला. “कालवड कुठे बांधायची म्हणतोस?” तिने विचारलं.

दुसऱ्या बैठकीला ऑइवाने आपल्या ट्रकमधून पोचवलं. तिथे कंपनीचा एक टापटीप माणूस भिंतीवर चित्रं दाखवत होता. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव गाड्या वेळेवर. शंभरातले नव्याण्णव प्रवासी समाधानी. मग त्याने आमच्या महिला मंडळाचं पत्र भिंतीएवढं मोठं करून दाखवलं. “आणि वड्या उत्कृष्ट होत्या,” तो म्हणाला. सभागृहात टाळ्या पडल्या. मंडळाच्या दोघी हजर होत्या, त्या लाजल्या.

मी हात वर केला. “थोरा ब्राट्टेन यांची गाडी आली नाही. ती उशिरात धरली का?”

“सर, जी गाडी आलीच नाही ती उशिरा आली असं कसं म्हणता येईल?” तो खरोखर समजावण्याच्या सुरात म्हणाला. “ती प्रवाशाने स्वतः रद्द केली. आमच्याकडे ध्वनिमुद्रण आहे.”

त्याने ते ऐकवलं. थोराबाईंचा आवाज सभागृहात घुमला : नको नको, कशाला त्रास. डेलबर्टने टेबलाकडे पाहिलं. सभागृहातल्या प्रत्येक माणसाने, तिथल्या खुर्च्यांनीसुद्धा, ते बरोबर ऐकलं. तिच्या त्या ‘नको’मध्ये कोट घातलेला होता, पर्स मांडीवर होती. फक्त त्या टापटीप माणसाला ते ऐकू आलं नाही.

“दोनदा-तीनदा विचारायचा नियम करा,” मी म्हणालो.

“म्हणजे प्रवाशाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही?” त्याने भुवया उंचावल्या. “आम्ही अपंगांच्या निर्णयाचा आदर करतो, सर.”

मी हात खाली घेतला.

मग मी जे केलं ते आता आठवलं तरी कान गरम होतात. चर्चच्या तळघरात ‘हो’ म्हणण्याचा वर्ग काढला. कंपनी बदलत नाही तर आपण बदलू. व्हॅनचे सगळे प्रवासी बोलावले. भलीमोठी कॉफीची किटली, शेवया नि मासळीचं भाजलेलं हॉटडिश, खुर्च्या गोल मांडलेल्या. नियम एकच : विचारलं की पहिल्यांदाच हो म्हणायचं.

“थोराबाई, कॉफी?”

त्यांनी डोळे मिटले. ओठ जुळवले. सगळ्या वर्गाने श्वास धरला. “न... न... नंतर चालेल,” त्या म्हणाल्या, आणि लाल झाल्या.

“नंतर नाही, हो!”

“अरे, पण बाकीच्यांना पुरेल का?”

कुणालाही जमेना. एका आजोबांनी ‘हो’ म्हटलं आणि लगेच पत्नीची क्षमा मागितली. शेवटी मागे भिंतीला टेकून उभ्या ऑइवाला विचारलं. ऑइवा म्हणाला, “हो.” सरळ पुढे आला, कप भरला, प्यायला, परत भरला, हॉटडिशचा करपलेला खमंग कोपरा, जो सगळ्यांच्या डोळ्यांत होता, तो वाढून घेतला आणि भिंतीला टेकून खाल्ला. त्याने नियम पाळला होता आणि त्यासाठी गावाने त्याला कधी क्षमा केली नाही. “असं होतं बघा ‘हो’ म्हटलं की,” दाराशी कुणीतरी पुटपुटलं. पुढच्या आठवड्यात वर्गाला मी आणि किटली.

इथवर ही हसायची गोष्ट होती. मीही सांगताना हसतो. पुढचं मला त्या सुरात सांगता येत नाही, तरी सांगतो.

कडाक्याच्या थंडीचे दिवस आले. तळ्याचा बर्फ आतून फुटताना सबंध गावाला ऐकू येतो, कुणीतरी लोखंडी दार ओढावं तसा. डायलिसिस आटोपून थोराबाई दवाखान्याच्या बाहेरच्या काचेच्या खोलीत परतीच्या व्हॅनची वाट पाहत होत्या. फोन आला. “मॅडम, गाडीला वेळ लागेल. तुम्ही ठीक आहात ना? काही दुसरी सोय होईल?”

“हो हो, मी ठीक आहे. माझं काय.”

पलीकडे नोंद झाली : प्रवाशाची दुसरी सोय. दवाखाना बंद झाला. आतलं दार आतून कुलपात गेलं; थोराबाई दोन दारांच्या मधल्या काचेत. त्यांनी काच वाजवली नाही. आत झाडणाऱ्या बाईचं काम चाललं होतं, तिला कशाला मध्येच थांबवायचं. त्या बाईने दिवे घालवायला आल्यावर पाहिलं.

थंडीने दोन बोटं गेली. उजव्या हाताची, धार काढायची.

मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “थंडी होती जराशी.”

“थोराबाई, तुम्ही सुनावणीला येणार. ठेका वाढवून द्यायचा की नाही हे समितीत त्या दिवशी ठरणार आहे. तुम्ही फक्त झालं ते सांगायचं.”

“मी कुठे बोलणार चारचौघांत.”

“याल ना?”

“लोकांना वाटेल मी रागावलेय.”

“थोराबाई, याल?”

त्यांनी बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला. “डेलबर्टच विचारणार असेल तर येईन,” त्या म्हणाल्या. “तो पोरगा चांगला आहे. त्याला विचारायचं कळतं.”

सुनावणीच्या दिवशी व्हॅन वेळेच्या आधी आली. धुतलेली! चालकाने दार उघडून धरलं, गुडघ्यांवर पांघरूण घातलं. “बघ,” थोराबाई मला हळूच म्हणाल्या, “आता यांच्याविरुद्ध कसं बोलायचं?”

जिल्ह्याच्या सभेत प्रत्येक नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. टेबलावर एक लहान यंत्र असतं. हिरवा दिवा, मग पिवळा, मग लाल. लाल लागला की राष्ट्राध्यक्ष आले तरी खाली बसायचं. ही समता मीच वर्गात फळ्यावर काढून शिकवली होती, तीन रंगांच्या खडूंनी.

थोराबाईंची खुर्ची पुढे नेली. ध्वनिक्षेपक उंच होता. तो खाली करायला वेळ गेला. हिरवा दिवा चालूच होता. मग त्यांनी पर्समधून चष्मा काढला, राहिलेल्या बोटांनी. मग सगळ्यांना नमस्कार केला. रस्ते साफ करणाऱ्यांचे आभार मानले. चालकाचे आभार मानले. पिवळा.

डेलबर्ट पुढे झुकला. आवाज मऊ केला. “थोराबाई, गाडीची काही अडचण आहे का तुम्हाला?”

“छे रे, अडचण कसली.”

सभागृह हललं नाही. पहिलं ‘नको’. सगळे गावचेच होते.

“मोकळेपणी सांगा. हाताला काय झालं?”

“असू दे. त्यांचंही काही असेल.”

दुसरं. आता मी ऐकलं की सगळ्या सभेने श्वास आत घेतला आहे. थोराबाईंनी मान किंचित वर केली होती. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर येऊन उभं होतं, दाराशी कोट घालून उभं असावं तसं. मला दिसत होतं ते. डेलबर्टलाही दिसत होतं.

लाल.

डेलबर्टने दिव्याकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या जिल्ह्याच्या वकिलाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

“विचार ना!” मी बसल्या जागेवरून ओरडलो. “डेलबर्ट, अरे एकदा विचार!”

“सर,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज शाळेतल्यासारखा बारीक झाला, “वेळ सगळ्यांना सारखीच. तुम्हीच शिकवलंत.”

हातोडा वाजला. तक्रार नाही अशी नोंद झाली. ठेका वाढला. मी विरोधात हात वर केला, एकटाच. राज्य काही थांबलं नाही.

बाहेर व्हॅनच्या पाळण्यावर चढताना थोराबाई म्हणाल्या, “फार वाईट वाटून घेऊ नकोस. मी काय बोलणार होते ते मलाच नीट ठाऊक नव्हतं.” हे मात्र खोटं होतं.

त्यानंतर त्यांनी डायलिसिस थांबवायचं ठरवलं. डॉक्टर गावचाच. त्याने विचारलं, चालू ठेवू या ना? त्या म्हणाल्या, नको. त्याने खुर्ची ओढून परत विचारलं. नको. मग तो उठला, खिडकीशी गेला, परत आला, त्यांच्या हातावर हात ठेवून तिसऱ्यांदा विचारलं. “नको, बाळा,” त्या म्हणाल्या. “दाराशी बसून बसून कंटाळा आलाय.”

बर्फ वितळायच्या आत त्या गेल्या. त्यांच्या नावावर एक तक्रार नोंदलेली होती, आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातली पहिली. समितीत मी ती मांडली तेव्हा टापटीप माणसाने सांगितलं की संबंधित प्रवासी आता ही सेवा वापरत नसल्यामुळे तक्रार निकाली काढली आहे. पुढच्या बैठकीपासून डेलबर्ट आला नाही. अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे आणि आपलं नाव कुणी सुचवत नाही. मी माझ्या जागेवर अजून आहे. महिन्यातून एकदा हात वर करतो.

पण त्या तक्रारीचं सांगायला हवं.

डॉक्टर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी थोराबाईंच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. हिवाळाभर रोज बसत होतो तसाच. बाहेर ऊन नुसतंच पांढरं होतं. मी म्हणालो, “थोराबाई, तुमच्या नावाने तक्रार नोंदवू का?” आणि मनातल्या मनात दुसऱ्या, तिसऱ्या प्रश्नाची जुळवाजुळव करू लागलो.

“नोंदव,” त्या म्हणाल्या.

मी परत विचारलं नाही. माझी छातीच झाली नाही. नंबर फिरवला. बराच वेळ पलीकडे संगीत वाजलं. मग एका मुलीचा आवाज आला; मारिसोल असं तिने नाव सांगितलं. प्रवाशाने स्वतः बोलायला हवं, ती म्हणाली. मी फोन थोराबाईंच्या कानाशी दिला. त्यांनी आधी केस सारखे केले.

“माझी तक्रार आहे,” त्या म्हणाल्या, आणि आपलाच आवाज ऐकून थांबल्या.

“बोला मॅडम.”

त्या बोलल्या. दारातला दिवस सांगितला. काचेची खोली सांगितली, बोटं सांगितली. कुठेही आवाज चढला नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं. पलीकडे संगणकाच्या कळा वाजत होत्या. मग ती मुलगी नियमाप्रमाणे म्हणाली, “आणखी काही आहे का, मॅडम?”

थोराबाई दचकल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू असा काही उजळला की तसा मी तो कधी पाहिला नव्हता. तिने परत विचारलं होतं!

“हो,” त्या म्हणाल्या. “चर्चमधली कॉफी. ती कॉफी नाही, कॉफीच्या शेजारून गेलेलं पाणी आहे.”

मग कळांचा आवाज. “नोंदवलं, मॅडम. आणखी काही?”

“आमच्या आर्नेने ट्रॅक्टर घेतला त्या वर्षी मला पेटी हवी होती. वाजवायची. मी नको म्हणाले, त्याने ऐकलं.”

“आणखी काही, मॅडम?”

“माझ्या बहिणीने आईचं धारेचं गाणं चुकीच्या चालीत म्हटलं, आईच्या अंत्यविधीला. आणि शेजारच्या लोर्नाच्या हॉटडिशमध्ये मीठ फार असतं. देवाशपथ फार असतं.”

मी खोकलो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पलीकडची मुलगी आता नुसती ऐकत होती, तरी दर वेळी तेच विचारत होती, आवाज हळू हळू करत, जणू कुणाची झोपमोड होईल म्हणून. पोटच्या पोराचं सांगितलं, जे बोलायला लागायच्या आधी गेलं आणि ज्याबद्दल ‘देवाची इच्छा’ म्हणणाऱ्या पाद्र्याला त्यांनी केक वाढला होता. गाई विकल्या त्या दिवसाचं सांगितलं. थंडीचं सांगितलं; सबंध आयुष्यातल्या थंडीचं.

“आणखी काही, मॅडम?”

“हा ओरिन इथे बसलाय,” थोराबाई म्हणाल्या. “भला माणूस आहे. पण घरातही वर्गात बोलल्यासारखा बोलतो. आणि पहिल्या दिवसापासून माझ्या आर्नेच्या खुर्चीत बसतो.”

मी उठलो. एका पायावर, टेबलाला धरून उठलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. त्यांनी मान हलवली, बरोबर असं म्हटल्यासारखी, आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.